उत्तरेचा उजेड

"आधी ते दिवे बंद करा," मी म्हटलं.
दुकानदार हसला, म्हाताऱ्यांना हसतात तसा.
छतात एकोणीस दिवे, मी मोजले होते.
त्यांच्याखाली बाटलीची काचही लखलखते,
नवरा मुलगा तर जागीच आंधळा.

वान्नेस माझ्या शेजारचा. आल्बर्ट कालव्यावर
बोटींसाठी दारं उघडतो, मिटतो.
चार हजार दोनशे युरो, पावणेतीन वर्षांच्या रात्रपाळ्या
आतल्या खिशात, आणि हात सारखा खिशाशी.
"खोदेलीव आजी, अँटवर्पला चला ना,
मला यातलं ओ की ठो कळत नाही."

मला कळतं.
नाइलेनच्या मागच्या खोलीत, उत्तरेच्या खिडकीखाली
एकेचाळीस वर्षं चाकापाशी बसले.
ऑलिव्हचं तेल, हिऱ्याचीच पूड,
त्यावर हिरा टेकवायचा आणि कानाने बघायचा:
दिशा जुळली की कुजबुजतो,
चुकली की किंचाळतो.
नखांतलं काळं माझ्या लग्नाच्या फोटोतही आहे.

दिवे गेले.
नोव्हेंबरचा ढगाळ उजेड दारातून आत आला,
वरच्या रुळांवरून ब्रुसेल्सची गाडी धडधडत गेली,
आणि मखमलीवरचे हिरे एकदम माणसांत आले.

पांढरा कागद दुमडला, घडीत पहिला हिरा पालथा ठेवला.
"बाजूने बघ. रंग पाठीकडून कळतो, तोंडाकडून नाही."
वान्नेस वाकला. बराच वेळ काही नाही. मग:
"चहा. फिका चहा सांडून पुसल्यासारखा."
"प्रमाणपत्रात मात्र..." दुकानदार म्हणाला.
"वाचू की. डोळ्यांचं बघून झाल्यावर."

दुसरा. बरोबर एक कॅरट.
'बरोबर' या शब्दाला भ्यावं.
"कंबर बघ किती जाड ठेवलीय.
वजन तिथे दडवलंय, कंबरेला कसलेल्या पैशांसारखं.
तिला ते कधी दिसणार नाही, तू मात्र मोजशील.
आणि पोट खोल. उजेड आत जातो, खालून गळून जातो,
मधोमध बघ, विहीर."
"असं का करतात?" त्याने विचारलं.

असं का करतात.
एकाहत्तर साली मालक खोसेन्स माझ्या खांद्यावरून म्हणाले,
"एक राहू दे, बाई. एकाच्या खाली भाव पडतो."
मी राहू दिलं. चाक कुजबुजत होतं,
हिऱ्याने तक्रार केली नाही.
त्या वर्षी किती, आठवत नाही. बरेच.
कुणाकुणाच्या बोटांवर असतील.
हे मी वान्नेसला सांगितलं नाही.
"वजनावर पैसे मिळतात," एवढंच म्हटलं.
ती कंबर ओळखीची वाटली, पण ते उगाच;
हिऱ्यावर कुणाची सही राहत नाही.

तिसरा, त्र्याण्णव सेंट.
"भिंग डोळ्याशी चिकटव, हिरा त्याच्याकडे आण.
दुसरा डोळा मिटू नकोस. श्वास सांभाळ."
"आत काहीतरी आहे," तो घाबरून म्हणाला, "पिसासारखं."
दुकानदार खोकला.
"कुठे? कडेला असतं तर उठून गेलो असतो,
दाराला आपटला की तिथूनच तडकतो.
हे आतल्या बाजूला आहे, बारीक. नांदू दे."
"अगदी स्वच्छ नाही का मिळणार?"
"मिळेल. याच्या निम्मा. तिला विचार."

त्याने तिथेच फोन लावला.
नूर्त्ये भट्टीवर होती, मागे ट्रे आदळत होते.
पीस, पाणी, पैलू, सगळं ऐकून घेतलं तिने,
मग म्हणाली, "किती उंच बसतो?
माझे हात दिवसभर कणकेत असतात रे."

आम्ही तिघंही गप्प.
उंचीचं कुणाच्याच डोक्यात नव्हतं.

त्या दिवशी घेतलं नाही काही.
हिरा चार दिवस ठेवून घ्यायला सांगितला,
बुटक्या कोंदणाचं चित्र मागितलं,
दुकानदाराने जाता जाता मला विचारलं,
"बाई, कुठल्या कारखान्यात होतात?"

परतीच्या गाडीत बटाट्याच्या तळलेल्या काड्या.
वान्नेसने माझं भिंग परत दिलं नव्हतं.
कागदाच्या शंकूच्या तळाशी उरलेला मिठाचा खडा
बोटाच्या टोकावर घेऊन, दोन्ही डोळे उघडे ठेवून,
हेरेंथाल्सपर्यंत तो बघत बसला. आमचं स्टेशन मागेच गेलं.
"आजी, यातही पीस आहे."